मॅनेजरने पैसे भरले म्हणून गुन्हा पुसला जात नाही

ठेवीदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: पतसंस्थेतला अपहार सहकार खात्याचा विषय, पोलिसांचा नाही. गुन्हा फक्त लेखापरीक्षक नोंदवू शकतो, तोही निबंधकांच्या, म्हणजे सहकार खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्यांच्या, परवानगीने. मॅनेजरने रक्कम भरली की गुन्हा उरत नाही. आणि पोलिसांत गेलात तर ठेवी कायमच्या अडकतात.

लिहिणाऱ्याने कायदा वाचलाय, पण अर्धा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१(५ब) नुसार, हिशेबतपासणीत कुणी दोषी आढळल्यास लेखापरीक्षकाने निबंधकांची लेखी परवानगी घेऊन फिर्याद द्यायची असते. ती त्याच्यावर टाकलेली जबाबदारी आहे; त्यामुळे इतरांची तोंडं बंद होत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, एका सहकारी बँकेच्या भागधारकाने केलेल्या तक्रारीच्या प्रकरणात, हेच स्पष्ट केलं. पतसंस्थेलाही तेच कलम लागू आहे. निबंधकांच्या पूर्वपरवानगीचं कलम १४८ सहकार कायद्यातल्याच गुन्ह्यांपुरतं आहे. फौजदारी विश्वासघात, म्हणजे विश्वासाने सोपवलेले पैसे अप्रामाणिकपणे वापरणं, हा भारतीय न्याय संहितेतला गुन्हा (कलम ३१६), आणि १ जुलै २०२४ पूर्वीचं कृत्य असेल तर जुन्या दंड संहितेतला, म्हणजे ४०८ किंवा ४०९. ठाण्यात नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचं, तिथूनही काही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जायचं.

आता ‘पैसे भरले’ची गोष्ट. एका पतसंस्थेत सभासदांच्या बाजूने कागद बघायला बसलो होतो. रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, हातची शिल्लक लाखांत, आणि तिजोरीत शंभराच्या चार गड्ड्या व एक रबर लावलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर मॅनेजरच्या अक्षरात फक्त रक्कम आणि तारीख. ‘उद्या भरतोय ना साहेब,’ तो म्हणाला, आणि खरंच दुसऱ्या दिवशी त्याने भरली. कुठून? एका आजींची मुदत ठेव मोडून. आजींच्या हातातली पावती जिवंत होती, खतावणीत ती कधीच बंद झाली होती.

म्हणूनच कायदा तात्पुरत्या अपहारालाही अपहारच म्हणतो. काही दिवसांसाठी वापरले, परत ठेवले, ही सबब चालत नाही. रक्कम भरल्याचा उपयोग जामिनाला होतो, शिक्षा ठरवताना होतो. पण अध्यक्षांनी ‘मिटलं’ म्हटल्याने खटला मिटत नाही. बँकर, एजंट वगैरेंनी केलेल्या विश्वासघाताचं कलम ३१६(५) लागलं, तर त्यात तडजोडीची तरतूदच नाही आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे. नोकराने केलेल्या विश्वासघाताला ३१६(४) खाली सात वर्षांपर्यंत. कोणतं लागतं यावर वकील पहिल्या दिवसापासून भांडतात, ते उगाच नाही.

मजकुरात नसलेली, पण त्याच्याखाली हटकून येणारी एक कमेंट: ‘पैसे कुठे गेले ते सिद्ध कसं करणार?’ ते करायची गरज नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच सांगितलंय की पैसे कसे वळवले ते तंतोतंत सिद्ध करावं लागत नाही. ताबा होता हे दाखवलं आणि आरोपीला हिशेब देता आला नाही, किंवा दिलेला खोटा निघाला, तर अप्रामाणिकपणाचा निष्कर्ष काढता येतो. खटले कोसळतात ते पैशांचा ताबा कुणाकडे होता या मुद्द्यावर. तिजोरीच्या चाव्या कुणाकडे, कीर्दीवर सही कुणाची, नेमणूकपत्रात काय लिहिलंय? संगणकावर मॅनेजरचा पासवर्ड अख्ख्या शाखेला पाठ असेल तर बचावाच्या वकिलाचं निम्मं काम तिथेच झालं. संगणकातल्या उताऱ्यांना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हवं, नाहीतर ढीगभर छापील पानं नुसती रद्दी.

ठेवी अडकतात, ही भीती मात्र मला खोटी वाटत नाही. बँक ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेच्या ठेवींना तो नाही. पण ठेवी अडकवतो तो अपहार. फिर्याद दिली म्हणून वसुली थांबत नाही. सहकार कायद्याच्या कलम ८८ ची नुकसानभरपाईची चौकशी समांतर चालते. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा लागला तर मालमत्ता जप्तही होते. जप्तीपासून लिलावापर्यंत वर्षं जातात, हेही खरं. पण तोवर मॅनेजरचा फ्लॅट मेहुण्याच्या नावावर तरी होत नाही.