एक ताऱ्याच्या अभिप्रायाला उत्तर: नावं आमच्या टूलने खाल्लेली नाहीत

नमस्कार सर,

तुम्हाला मनस्ताप झाला आणि रात्री ११ च्या मेलला उत्तर सकाळी मिळालं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण मजकूर झाकून ठेवणाऱ्या आणि हवा तेव्हा उलगडून देणाऱ्या आमच्या टूलबद्दल तुम्ही लिहिलेलं ‘९०० रुपये घेऊन डेटा खाणारं टूल’ हे वाक्य तसंच राहू देणं मला जमणार नाही. नवीन गिऱ्हाईक सगळ्यात आधी तेच वाचतं, आणि माझं पोट याच टूलवर आहे.

तुम्ही म्हणता, शहरांची नावं टूलने झाकून डेटाबेसमध्ये ठेवली आणि पुन्हा उलगडली, की ‘नाशिक’ नीट परत येतं, पण ‘त्र्यंबकेश्वर’चं ‘त्र्यंबकेश’ होतं आणि ‘छत्रपती संभाजीनगर’चं ‘छत्रपती सं’ होऊन पुढे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह येतं. तुम्ही पाठवलेल्या टेबलच्या रचनेत शहराचा कॉलम व्हारचार ४० आहे, म्हणजे त्यात फार तर ४० अक्षरं मावतात. सगळी गोम तिथे आहे.

यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरायची. टूल त्या बाइट्सवर किल्लीने (गुप्त शब्दाने) एक्सऑर करतं, म्हणजे दोन्हींचे बिट ताडून बाइट बदलतं (तीच किल्ली पुन्हा लावली की मूळ मजकूर परत), आणि निकाल बेस६४ मध्ये, म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं, अंक आणि दोन-तीन चिन्हांत, लिहितं, म्हणजे ३ बाइटची ४ अक्षरं होतात. ‘नाशिक’ची चिन्हं ५, अक्षरं २०, आरामात मावतं. ‘त्र्यंबकेश्वर’ची चिन्हं १३, अक्षरं ५२. त्यातली ४० राहिली, १२ गेली. त्या १२ अक्षरांत नेमका हलन्त, व आणि र होता. संभाजीनगरला ६८ लागतात. तिथे काप ‘भ’च्या तीन बाइटपैकी दोनवर पडला, म्हणून ते प्रश्नचिन्ह.

तुमच्या मायएसक्यूएल डेटाबेसचा स्ट्रिक्ट मोड (न मावणारा मजकूर नाकारणारी सेटिंग) चालू असता तर पहिल्याच लांब नावाला ‘डेटा टू लाँग’ची त्रुटी आली असती. ५.७ आवृत्तीपासून तो मुळात चालूच येतो, तुमच्या सर्व्हरवर तो बंद केलेला आहे, म्हणून जास्तीची अक्षरं त्रुटी न देता कापली गेली. त्यात बेस६४ चार-चार अक्षरांच्या गटांत उलगडतं आणि ४० ला ४ ने पूर्ण भाग जातो, म्हणून उलगडतानाही टूलला वावगं काही दिसलं नाही. कॉलम ४१ चा असता तर तिथेच अडलं असतं. ‘प्रत्येक चिन्हाला ४ जागा धरा’ हे माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर ठळक छापलेलं आहे, सर.

दुसरा मुद्दा, ‘किल्ली पाच मिनिटांत सापडली’. सापडणारच. मूळ मजकूर वेबपत्ता आहे आणि ‘एचटीटीपीएस’ने सुरू होतो हे ठाऊक असलं, की तो आणि झाकलेला मजकूर पुन्हा एक्सऑर केला की किल्लीची सुरुवात हातात येते. हे टूल प्रोग्रॅमच्या फाइलमधला मजकूर सहज नजरेला पडू नये एवढ्यासाठी आहे. पासवर्ड किंवा ग्राहकांचे फोन नंबर त्यात ठेवू नका, त्यासाठी एईएस हे खरोखरचं मजबूत कूटलेखन वापरा. हे मी विकताना सांगतो, लपवत नाही.

आणि ‘दहा ओळींचं काम’ म्हणालात ते लागलं. एक्सऑर दहा ओळींचं आहे, खरं. पण किल्लीचा आणि मजकुराचा बाइट सारखा आला की शून्य तयार होतं आणि सी भाषेत मजकूर तिथेच संपतो. बेस६४ मधलं अधिकचं (+) चिन्ह वेबपत्त्यात गेलं की त्याची रिकामी जागा होते. असल्या जागा हुडकून बुजवण्याचे ते ९०० रुपये आहेत.

आता उपाय. कॉलम व्हारचार २५५ करा, त्यात ६३ चिन्हं बसतात. स्ट्रिक्ट मोड चालू करा. पण कापली गेलेली नावं कॉलम वाढवून परत येणार नाहीत. मूळ यादीतून ती पुन्हा झाकून भरावी लागतील. यादी असेल तर मी स्वतः बसून भरून देतो, वेगळे पैसे नाहीत. पुढच्या आवृत्तीत लांबीची सूचना टाकायचं बघतोय, मेलच्या वेळांचंही काहीतरी करतो.

नावं जागेवर आली की तेवढा तो तारा एकदा पुन्हा बघा, ही विनंती.