‘आत जुना भंगार माल’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

3 आठवडे सांगून फझ पेडल (गिटारचा आवाज खरखरीत करणारा डबा) तुमच्या हातात पडायला 7 आठवडे लागले, ही चूक माझीच. माफ करा. त्यासाठी स्टार कापलेत, मान्य.

पण ‘आत जुना भंगार माल घातलाय, तासाभरात आवाज बसला, दोन ट्रान्झिस्टरचे 6500 घेतात’ हे वाचल्यापासून मला नीट झोप नाही. म्हणून लिहितो.

ट्रान्झिस्टर जुने आहेत हे ऑर्डर घेतानाच सांगितलं होतं. 1966 साली लंडनच्या आर्बिटर कंपनीने फझ फेस हे पेडल काढलं तेव्हा त्यात जर्मेनियमचेच ट्रान्झिस्टर होते, आणि तुम्हाला तोच आवाज हवा होता. आता ते जुन्या साठ्यातूनच शोधावे लागतात. मी एसी128 जातीचे 40 ट्रान्झिस्टर विकत घेतले, त्यातले 9 कामाचे निघाले. पैसे 40 चेच गेले. एकेकाचा गेन (सिग्नल किती पट वाढवतो ते) आणि लीकेज (नको असताना झिरपणारा करंट) मोजायचं. चिमटीत धरून मीटरला लावला तर बोटांच्या उबेनेच आकडा चढतो. तो उतरून एका जागी थांबेपर्यंत हात न लावता बसून राहायचं, पंखासुद्धा बंद. मग पहिल्या जागी 80 च्या आसपास गेनचा, दुसऱ्या जागी 120 च्या आसपासचा. तुमच्या जोडीचे आकडे झाकणाच्या आतून पेन्सिलीने लिहिलेत. झाकण उघडलंत तेव्हा दिसले असतील.

उघडलंत म्हणतो, कारण तुम्ही टाकलेल्या फोटोत ट्रिमपॉटवरचा (आतल्या बारीक फिरत्या स्क्रूवरचा) माझा लाल नेलपेंटचा ठिपका तुटलेला आहे. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर, म्हणजे त्याच्या एका पायावर, साडेचार व्होल्ट लावून मी तो ठिपका दिला होता. आणि कार्यक्रम कुठे होता, तर मे महिन्यात, दुपारी 3 वाजता, उघड्या गच्चीवर, हे तुम्हीच लिहिलंय. काळा डबा, वर ऊन. जर्मेनियम तापलं की लीकेज वाढतं, बायस (तो लावलेला व्होल्टेज) सरकतो, आवाज घुसमटतो. लंडनच्या मूळ पेडललाही हे चुकलेलं नाही. ‘उन्हात ठेवू नये’ अशी मराठीत चिठ्ठी डब्यात होती. वाचायची राहिली असेल.

माझं दुकान नाही सर. भांडुपच्या घरात ओट्याशेजारी एक टेबल आहे, महिन्याला चार-पाच पेडल होतात. तुमचा रिव्ह्यू वाचून परवा एकाने ऑर्डर रद्द केली. भंगार हा शब्द तेवढा काढलात तर उपकार होतील, बाकी राहू द्या.

पुढच्या पेडलांना बायसचं बटण बाहेर द्यायचा विचार आहे, तारखांचंही बघतो.

तुमचं पेडल घेऊन या किंवा कुरिअर करा, खर्च माझा. बायस पुन्हा लावून देतो, पैसे नकोत. येणार असाल तर सकाळी 9 च्या आत या, तेव्हा खोली गार असते.