पट्ट्याबद्दल तुमचं बरोबर आहे, पण .३७५ पट्ट्यामुळे टिकलेलं नाही

नमस्कार. '.३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम' या मोठ्या जनावरांसाठीच्या रायफल-काडतुसावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया अभ्यासपूर्ण आहे, म्हणून दोन ओळींत आभार न मानता सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) बुडाचा पट्टा निरुपयोगी आहे आणि पुढे तो जाहिरातीपुरता उरला. .३७५ रुगर आणि ७ एमएम पीआरसी ही नवी काडतुसं तेच काम आखूड पुंगळीत आणि जास्त अचूक करतात. जुन्या मॅग्नमचा, म्हणजे जास्त ताकदीच्या काडतुसाचा, धक्का बहुतेकांना झेपत नाही. आणि भारतात १९७२ पासून शिकारबंदी असताना हे सगळं नुसतं स्मरणरंजन आहे.

पहिला मुद्दा मला जवळजवळ पूर्ण मान्य आहे. आपल्याकडच्या .३०३ किंवा .३१५ काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. ती चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेच्या) तोंडाशी टेकते आणि काडतूस किती आत बसायचं ते तिथेच ठरतं. त्या मापाला हेडस्पेस म्हणतात. दुनळी रायफलीत ही कड उत्तम चालते, पण बोल्ट रायफलच्या (मूठ मागेपुढे ओढून भरायच्या रायफलच्या) मॅगझिनमध्ये काडतुसं एकावर एक बसतात आणि कडा एकमेकींत अडकू शकतात. कड काढून टाकली की काडतूस पुंगळीच्या खांद्यावर, म्हणजे ती गोळीकडे अरुंद होते तिथे, टेकवावं लागतं. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९१२ साली .३७५ आणलं तेव्हा इंग्रजी काडतुसांत कॉर्डाइट ही दारू भरत, लांब शेवयांच्या जुडीसारखं. त्यासाठी पुंगळी निमुळती ठेवलेली आणि खांदा उतरता, साधारण १५ अंशांचा. एवढ्या उतरत्या खांद्यावर काडतूस प्रत्येक वेळी एकाच जागी थांबेल याची त्या काळी खात्री वाटेना, म्हणून बुडाच्या खाचेपुढे पट्टा दिला. याच कंपनीच्या १९२५ च्या .३०० मध्ये खांदा फक्त साडेआठ अंशांचा आहे. तिथे तर पट्ट्याशिवाय पर्यायच नव्हता.

विंचेस्टरने १९५६ साली .४५८ काढलं. त्याच्या पुंगळीला खांदाच नाही, त्यामुळे पट्टा तिथेही खरं काम करतो. पण १९५८ चं .३३८, १९६२ चं ७ एमएम रेमिंग्टन आणि १९६३ चं .३०० विंचेस्टर या तिघांचा खांदा २५ अंशांचा आहे. त्यावर काडतूस व्यवस्थित टेकतं. या तीन काडतुसांवरचा पट्टा म्हणजे 'मॅग्नम' या शब्दाची खूण, असं तुम्ही म्हणालात तर मी वाद घालणार नाही.

उलट पट्ट्याचा तोटा तुम्ही लिहिलात त्याहून मोठा आहे. अमेरिकी प्रमाणाप्रमाणे काडतुसावरचा पट्टा ०.२१२ ते ०.२२० इंच आणि चेंबरमधली त्याची जागा ०.२२० ते ०.२२७ इंच चालते. म्हणजे दोन्ही टोकं एकत्र आली तर ०.०१५ इंचाची फट राहते, आणि तीही नियमात बसते. पट्टा टेकतोय म्हटल्यावर खांद्यापाशी चेंबर थोडं खोल कापलं तरी चालतं, असा कारखान्यांचा हिशोब. पहिल्या बारात पुंगळी पुढे ताणली जाते आणि तो ताण पट्ट्याच्या जरा पुढे, जिथे जाड बूड संपून पातळ भिंत सुरू होते, तिथे येतो. जिथे कायद्याने परवानगी आहे तिथे राहणारे आपले काही वाचक पुंगळ्या पुन्हा भरतात. त्यांची नेहमीची चूक म्हणजे पुंगळीला पुन्हा मापात आणणारा साचा शेलहोल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या खोबणीला) टेकेपर्यंत खाली आणणं. त्यामुळे खांदा प्रत्येक वेळी मागे ढकलला जातो, पुढच्या बारात पुंगळी पुन्हा ताणते, आणि चारपाच वेळांत पट्ट्यापुढे चकचकीत कडं उमटतं. ते दिसलं की पुंगळी मोडीत टाकायची. पुढच्या बाराला ती तिथेच तुटू शकते, मग बूड बाहेर येतं आणि धड चेंबरमध्ये अडकून राहतं. उपाय सोपा आहे: पट्टा विसरायचा आणि काडतूस खांद्यावर टेकतंय असं धरून साचा लावायचा. आपल्याच चेंबरमध्ये उडालेल्या पुंगळीचा खांदा मोजून तो जेमतेम ०.००२ इंच मागे जाईल एवढाच साचा खाली आणायचा. शंका आली तर टोक वाकवलेली बारीक तार पुंगळीत घालून आतली भिंत चाचपायची. खाच लागली तर ती पुंगळी बाद.

आता जिथे आपलं जमत नाही तिथे येतो. .३७५ टिकलं ते पट्ट्यामुळे नाही, निमुळतेपणामुळे. त्याच्या पुंगळीचा व्यास पट्ट्यापुढे १३.०२ मिलिमीटर आणि खांद्यापाशी ११.३७ मिलिमीटर, म्हणजे फरक १.६५ मिलिमीटर. .३०० विंचेस्टरमध्ये हाच फरक ०.६ मिलिमीटर आणि .३७५ रुगरमध्ये साधारण ०.४. निमुळतं काडतूस मोठ्या तोंडाच्या चेंबरमध्ये शिरतं, त्यामुळे मॅगझिनमधून जरा तिरकं आलं तरी स्वतःहून सरळ होतं. बाहेर काढताना याहून जास्त फायदा होतो. पुंगळी एखादा मिलिमीटर मागे सरकली की तिची भिंत चेंबरपासून सगळीकडून सुटते. सरळ भिंतीची पुंगळी बराच वेळ घासत येते. काडतूस तापलेलं असलं, चेंबरमध्ये धूळ असली किंवा दाब वाढलेला असला, तर हा फरक बोल्टच्या मुठीवर हाताला कळतो. कॉर्डाइट उष्णतेला फार संवेदनशील होतं. उन्हात पडलेल्या काडतुसाचा दाब वाढायचा आणि पुंगळी चेंबरला घट्ट धरायची. आजच्या दारूने तो धोका बराच कमी केला आहे, हे खरं. पण जखमी केप बफेलो (आफ्रिकेतला रानरेडा) वीस पावलांवर असताना दुसरा बार ज्याला हवा आहे तो हे विम्यासारखं वैशिष्ट्य सोडायला तयार होत नाही, आणि मला त्यात काही चूक दिसत नाही.

याची किंमत लांबीत मोजावी लागते, हा तुमचा मुद्दा योग्य आहे. पुंगळी ७२.४ मिलिमीटर, अख्खं काडतूस ९१.४ मिलिमीटर. नेहमीच्या .३०-०६ काडतुसाच्या लांबीच्या अॅक्शनमध्ये (रायफलीच्या ज्या भागात बोल्ट सरकतो त्यात) ते मावत नाही. म्हणूनच सुरुवातीला त्यासाठी महागडी मॅग्नम माउझर अॅक्शन लागायची आणि विंचेस्टर मॉडेल ७० मध्ये १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात .३७५ येईपर्यंत ते सामान्य खिशाला परवडत नव्हतं. इथे एक धोक्याची सूचना देतो. साध्या माउझर ९८ ची अॅक्शन पुढून-मागून कोरून .३७५ बसवलेल्या जुन्या रायफली बाजारात येतात. पुढचं लोखंड कोरताना बोल्टचा खालचा लग (बोल्ट जागी अडकवणारा दात) ज्यावर टेकतो तिथलीच धातू निघून जाते. अशा रायफलीत लगची बैठक दबत जाते, हेडस्पेस वाढतं आणि बोल्ट उचलायला जड होतो. विकत घेण्याआधी बोल्ट काढून ती बैठक बंदूकसाजाकडून तपासून घ्यावी. ज्याला लांब अॅक्शन नकोच आहे त्याने २००७ चं .३७५ रुगर घ्यावं. ते चांगलं काडतूस आहे, आणि ३०० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळीला .३७५ हॉलंडपेक्षा शंभरेक फूट प्रति सेकंद जास्त वेग देतं.

तो जादा वेग मात्र फारसा कामी येत नाही. ३०० ग्रेनची गोळी २५३० फूट प्रति सेकंद म्हणजे साधारण ५८०० ज्यूल. एवढं पुरतं. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत हत्ती आणि केप बफेलोसाठी कायद्याने किमान बोअर (नळीचा आतला व्यास) .३७५ च्या आसपास आहे, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गावच्या दुकानातही या बोअरची काडतुसं सापडतात. विमानात माणशी पाच किलोच काडतुसं नेता येतात. बॅग वाटेत हरवली तर नव्या काडतुसाचा मालक अडकतो, .३७५ हॉलंडवाला सहसा अडकत नाही. शिवाय १:१२ च्या पिळात (नळीतल्या खाचा बारा इंचांत एक फेरा घेतात) २३५ पासून ३०० ग्रेनपर्यंतच्या गोळ्या चालतात. बऱ्याच रायफलींत १०० यार्डांवर त्या एकमेकींपासून फार दूर पडत नाहीत, पण हे गृहीत धरू नका, आपल्या रायफलवर कागद लावून बघा. २०० यार्डांवर झिरो केलेली, म्हणजे तिथे नेम जुळवलेली, ३०० ग्रेनची गोळी ३०० यार्डांवर सुमारे फूटभर खाली जाते. त्यापलीकडे या काडतुसाने मारू नये.

म्हणूनच ७ एमएम पीआरसीशी तुलना मला पटली नाही. २०२२ चं हे काडतूस १७५ ग्रेनची लांब गोळी सुमारे ३००० फूट प्रति सेकंद वेगाने फेकतं, तेही १:८ च्या पिळातून. कोलोरॅडोत पाचशे यार्डांवरच्या एल्कसाठी (मोठ्या हरणासाठी) ते १९६२ च्या ७ एमएम रेमिंग्टनपेक्षा सरस आहे. रेमिंग्टनच्या जुन्या नळ्यांचा पीळ सैल, १:९.५ इतका, त्यामुळे आजच्या सर्वांत लांब गोळ्या त्यात नीट स्थिर होत नाहीत. ही तुलना १९६२ विरुद्ध २०२२ अशी करा, मी तुमच्या बाजूने आहे. मोठ्या, अंगावर येणाऱ्या जनावराच्या काडतुसाशी करू नका. आणि एक गंमत बघा: पीआरसीच्या बुडाचा व्यास ०.५३२ इंच आहे. बोल्टच्या तोंडाचं हे माप .३७५ हॉलंडपासूनच रूढ झालं. पट्टा गेला, बूड राहिलं.

धक्क्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते प्रत्येकाने गंभीरपणे घ्यावं. चार किलोच्या रायफलीत .३७५ चा धक्का चाळीस फूट-पौंडांच्या आसपास, म्हणजे .३०-०६ च्या जवळजवळ दुप्पट. तो ढकलतो, .३०० मॅग्नमसारखा झटकन चावत नाही, पण बाकावर वाकून बसून वीस बार काढले की डोळे मिटायला लागतात आणि चाप झटकला जातो. ती सवय लागली की सुटायला महिने जातात. झिरो करतानाच काय ते टेकू घ्यायचं, तेही शक्य तितकं ताठ बसून. बाकीचा सराव उभं राहून, तिपाईवर, एका वेळी दहापेक्षा जास्त बार नकोत, मध्ये .२२ ने. दुर्बीण कमी ताकदीची आणि डोळ्यापासून किमान चार इंच दूर राहणारी हवी, नाहीतर भुवई फुटते. दस्त्यात दोन आडवे बोल्ट असावेत. धक्का झेलणारा लग (बोल्टचा नव्हे, अॅक्शनखालचा) दस्त्यात नीट बसवलेला नसेल तर दस्ता टँगच्या (अॅक्शनच्या मागच्या शेपटीच्या) मागे चिरतो. पहिली चीर केसासारखी असते, तेलाचा बोळा फिरवला की दिसते.

राहिला भारताचा प्रश्न. शिकारबंदीला माझा पूर्ण पाठिंबा आहे आणि ती उठावी असं लेखात कुठेही सुचवलेलं नाही. पण या काडतुसांच्या इतिहासात हिंदुस्थान पाहुणा नव्हता. १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० बोअरवर बंदी घातली, कारण त्या काडतुसांच्या गोळ्या चोरट्या मार्टिनी-हेन्री रायफलींत वापरल्या जातील अशी भीती होती. लंडनच्या बंदूकवाल्यांनी लगोलग .४७०, .५००/.४६५, .४७५ असे जवळचे बोअर पुढे आणले. आफ्रिकेत पुढे गाजलेलं .४७० असं आपल्याकडच्या एका हुकमामुळे वर आलं.

आणि ज्या घरांत वारसाहक्काने आलेली रायफल परवान्यावर आहे त्यांच्यासाठी ही माहिती थेट उपयोगाची आहे. कागदावर नुसतं '.३७५' असेल तर ते पुरेसं नाही. या बोअरची निदान तीन इंग्रजी काडतुसं आहेत: अडीच इंची कडेचं जुनं नायट्रो एक्सप्रेस, दुनळीसाठीचं कडेचं फ्लँज्ड मॅग्नम, आणि पट्ट्याचं मॅग्नम. ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत, दाबही वेगळे आहेत. नळीच्या खाली आणि बाजूला मारलेल्या प्रूफच्या (दाब-चाचणीच्या) खुणा वाचून, गरज पडली तर परवानाधारक बंदूकसाजाकडून चेंबरचा ठसा घेऊन, मगच काडतूस ठरवावं.

मूळ लेखात 'पट्ट्यामुळे पुंगळीला बळकटी येते' असं वाक्य होतं. ते चुकीचं आहे. तिथलं बूड पट्टा नसला तरी तेवढंच जाड आणि भरीव असतं. वाक्य आज काढून टाकलं आहे.