डुक्कर फियाटच्या एक स्टारवाल्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा. रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात तो तुमचा हक्क, त्यावर काही म्हणणं नाही. पण तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीच्या या गॅरेजवाल्याने आमची डुक्कर फियाट (जुन्या फियाट 1100 चं टोपणनाव) ऑस्ट्रेलियाला पाठवायला घेतली आणि आठवडेच्या आठवडे पाडून ठेवली, जयगड बंदर दाराशी असताना बिल वाढवायला न्हावा शेवाला नेली, न विचारता ब्रेक खोलले, लाकडी ठोकळे फेकले, डिकीतलं सामान काढलं आणि टाकीतलं पेट्रोलसुद्धा गायब केलं. आता लोक फोन करून विचारतायत काय ओ खरं का हे, म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहितो, थोडं लांबेल.

आधी उशिराचं. गाडी 1958 ची, तुमच्या आजोबांची, एक नंबर ठेवलीय त्यात वादच नाही. पण आरसीवर जो इंजिन नंबर आहे तो गाडीतल्या इंजिनवर नाहीये. कधीतरी कोणीतरी इंजिन बदललं आणि नोंद करायची राहिली, त्या काळी सर्रास व्हायचं, हे तुम्हालाही आमच्याकडे बॉनेट उघडल्यावरच कळलं. इथे रस्त्यावर कोण बघतंय, त्यामुळे इतकी वर्षं खपून गेलं. पण कार्नेवर चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही लिहिलेले असतात. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, परदेशात गाडी तात्पुरती न्यायची आणि तिकडची ड्यूटी भरायची नसेल तर कार्ने नावाचं पुस्तक लागतं, मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ते देते, तारण घेऊन, आणि त्याची मुदत एक वर्ष असते.) आता आरसीवर एक नंबर, इंजिनवर दुसरा, मग कार्नेवर कुठला लिहायचा? कस्टमवाला बॅटरी घेऊन वाकून बघतो हो, नुसता कागद बघून सोडत नाही. म्हणून तुम्हाला म्हटलं आधी तुमच्या आरटीओत इंजिन बदलाची नोंद करून आणा, मगच पुढचं. तो सगळा वेळ तिकडे गेला. आमच्या शेडमध्ये गाडी नुसती उभी होती आणि उभं राहायचं भाडं आम्ही लावलेलं नाही, बिल परत काढून बघा.

चॅसिस नंबरची प्लेट तर वेगळीच गंमत. रंगाचे थर आणि खाऱ्या वाऱ्याचा गंज, शेवटचा आकडा तीन का आठ यावर आमच्याकडे दोन पार्ट्या पडल्या होत्या. आमच्या पोराने रॉकेलचा बोळा फिरवून, बारीक पॉलिश पेपरने हळूहळू घासून, वर कागद धरून पेन्सिलीने छाप घेतला तेव्हा आठ निघाला. तीन लिहून गेला असता तर गाडी तिकडे पर्थजवळच्या फ्रीमँटल बंदरात कंटेनरमध्येच बसली असती आणि तुम्ही पर्थच्या हॉटेलात.

एक गोष्ट मात्र तुम्ही शहाणपणाची केलीत, व्हीए सिरीजचा नंबर घेतला नाहीत. 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या गाडीला तो मिळतो, लोकांना हौस असते, पण तो घेतला की प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर काढता येते. अलिबागपासून किनाऱ्याने रमत गमत इथपर्यंत आलात ते मग नियमात बसलं नसतं.

जयगडचं. दादा, जयगडला मोठी जहाजं लागतात ती मुख्यतः कोळसा, खनिज असल्या सुट्या मालाची. एका फियाटचा कंटेनर उचलून ऑस्ट्रेलियाकडे नेणारी लाईन तिथे नाही. तुम्ही दाभोळ-धोपावेच्या फेरीबोटीत गाडी चढवलीत, तवसाळवरून जयगडला उतरलात, म्हणून वाटलं असेल की अशीच पुढे पण चढवायची, पण तसं नसतं ना. कंटेनर न्हावा शेवालाच जातो, आणि तिथूनही फ्रीमँटलचा बॉक्स बहुतेक वेळा मध्ये कोलंबो, सिंगापूर किंवा पोर्ट क्लांगला जहाज बदलतो. हे कोटेशनमध्ये लिहिलं होतं. आणि गाडी चालवत न नेता कॅरिअरवर का नेली असं विचारलंयत तर मुंबई-गोवा हायवेचं काम 2011 पासून चालू आहे, त्या खड्ड्यांतून आणि परशुराम घाटातून तुमची 58 ची गाडी न्हावा शेवापर्यंत हाकत नेली असती आणि वाटेत काही झालं असतं तर हाच रिव्ह्यू अजून लांब झाला असता.

आता धुलाई, जिला तुम्ही "लूट" म्हणालात. तुम्ही सर्व्हिस सेंटरला वॉशिंग करून आणली होतीत, वरून चकाचक होती, मान्य. पण ऑस्ट्रेलियाची बायोसिक्युरिटीवाली माणसं (बाहेरची कीड, बी, माती देशात येऊ नये म्हणून तपासणारी) गाडीच्या खाली बघतात. आम्ही रॅम्पवर घेतली तेव्हा मडगार्डच्या आतल्या घडीत आपली तांबडी माती वाळून विटेसारखी बसलेली, रेडिएटरच्या जाळीत गवताचं बी आणि आघाडा, आणि डाव्या हेडलाईटच्या मागे कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं, आतमध्ये अळ्या जिवंत. हे तसंच गेलं असतं तर तिकडे परत धुलाई, परत तपासणी, आणि सगळं डॉलरमध्ये. सीट काढून, कार्पेट काढून, टूथब्रशने माती काढलीय. फोटो तुम्हाला पाठवले होते, त्यावर तुम्ही हसायची इमोजी टाकली होतीत.

ब्रेकचं सगळ्यात जास्त लागलं म्हणून नीट सांगतो. ऑस्ट्रेलियात 31 डिसेंबर 2003 पासून ॲस्बेस्टॉसवर (उष्णता सोसणारं तंतूंचं खनिज, त्याची धूळ छातीला घातक) पूर्ण बंदी आहे, आयातीवर पण, आणि जुन्या गाड्या नेमक्या तिथेच अडकतात. जुने ब्रेक शू, क्लच प्लेट, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचं गॅस्केट, हेड गॅस्केट, कधी कधी खालचं डांबरासारखं कोटिंग, यातल्या कशातही ॲस्बेस्टॉस असू शकतो. नाहीये हे सिद्ध करायची जबाबदारी गाडी आणणाऱ्याची. तिकडे मान्य असलेल्या लॅबचा रिपोर्ट नसेल तर बॉर्डर फोर्स (तिकडचं कस्टम) गाडी अडवते, तिथे तुमच्या खर्चाने पार्ट खोलून नमुने काढतात, आणि सापडलं तर वर दंड. तुमच्या चारही ड्रमचे शू जुन्या स्टॉकमधले होते, कोणी कधी बसवले कोणाला माहीत नाही, बिल नाही, खोका नाही. म्हणून शू, क्लच प्लेट आणि गॅस्केटं बदलली, नव्या मालाचे नमुने लॅबला पाठवले, रिपोर्ट फाईलला लावला. "न विचारता" असं लिहिलंयत. तुमचा "ओके करून टाका" असा व्हॉट्सॲप आहे माझ्याकडे, स्क्रीनशॉट इथे टाकत नाही, बरं दिसत नाही ते. जुने शू पिशवीत सील करून तुमच्या नावाने ठेवलेत. कोणी एअर मारून साफ करायला सांगितलं तर करू नका, ती धूळ छातीत जाते.

ठोकळे. तुम्ही संगमेश्वरच्या सुताराकडून फणसाच्या लाकडाचे चाकाखाली लावायचे ठोकळे करून आणलेत, काम सुरेख आहे, खोटं बोलणार नाही. पण कंटेनरमध्ये आधाराला लाकूड घालायचं तर ते 56 डिग्रीला किमान अर्धा तास आतपर्यंत तापवलेलं, नाहीतर मान्य पद्धतीने धुरी दिलेलं पाहिजे, आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का पाहिजे. आंतरराष्ट्रीय नियम आहे, लाकडातली कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून. सुताराच्या ठोकळ्याला शिक्का कुठून येणार. फेकले नाहीत, आमच्याकडे आहेत. शिक्क्याचं लाकूड विकत आणलं त्याचेच पैसे लावलेत.

पेट्रोल. "तिकडे महाग असेल" म्हणून तुम्ही टाकी फुल्ल करून आणलीत. कंटेनरमध्ये फुल्ल टाकीची गाडी कोण घेणार? टाकी जवळजवळ रिकामी करावी लागते, बॅटरीची वायर काढून टर्मिनलला टेप. काढलेलं पेट्रोल बिलात वजा केलंय, तिसऱ्या ओळीत बघा.

आणि डिकी. कोकम, कुळथाचं पीठ, आंबापोळी, सुकट, बॉनेटवर बांधलेला पूजेचा नारळ आणि लिंबू-मिरची. कोकणातून माणूस निघाला की हे सगळं आलंच, मी पण नेलं असतं, पण गाडीबरोबर असलं काही गेलं की तिकडे तपासणीच्या रांगेत. आमसुलं आणि पीठ तुमच्या वहिनी डोंबिवलीला घेऊन गेल्या. सुकट पावसाळ्यात ठेवण्यासारखी नव्हती, ती आमच्या पोरांनी खाल्ली, तिचे पैसे सांगा, देतो.

इन्शुरन्सला तुम्ही "घाबरवून विकलेलं" म्हणालात. मे 2025 मध्ये आपल्याच अरबी समुद्रात कोचीजवळ एल्सा 3 नावाचं जहाज बुडालं, सुमारे 640 कंटेनर होते त्यावर. पुढच्याच महिन्यात केरळसमोर वान हाई 503 ला आग लागली. आणि जहाज वाचवायला मोठा खर्च झाला तर कायद्याने तो जहाजमालक आणि सगळे मालवाले मिळून वाटून घेतात, तुमच्या गाडीला ओरखडा आला नसला तरी. तो हिस्सा किंवा त्याची हमी दिल्याशिवाय कंटेनर सोडत नाहीत. इन्शुरन्स असेल तर ती हमी कंपनी देते. अशा वेळी तुम्ही मला फोन केला असतात, तेव्हा मी काय सांगणार होतो?

गाडी तिकडे एका दिवसात सुटली, हे तुमच्याच फोटोवरून कळलं, ऑस्ट्रेलियातल्या नलारबोरच्या ओसाड पठाराकडच्या त्या 146 किलोमीटर सरळ रस्त्याच्या पाटीशी फियाट उभी आहे. आमच्या पोरांनी तो फोटो शेडमध्ये लावलाय. रिव्ह्यूत या भागाबद्दल एक अक्षर नाही, असो.

कामाचं एक सांगतो. परत येताना काम आमच्याकडे द्या किंवा देऊ नका, पण ऑस्ट्रेलिया सोडताना कार्नेच्या पानावर बाहेर पडल्याचा शिक्का मारून घ्या. आत आल्याचा आहे आणि बाहेर गेल्याचा नाही असं झालं तर गाडी तिकडेच राहिली असं धरून ड्यूटी मागतात आणि ती तुमच्या तारणातून जाते. मुदत संपायच्या आधी निघता येत नसेल तर वाढवून घ्यायचा अर्ज आधीच करा, संपल्यावर नाही. न्हावा शेवाला उतरल्यावर परत आल्याचा शिक्का, मग पुस्तक असोसिएशनला जमा, मगच तारण सुटतं. एजंट "नंतर बघू" म्हणाला तरी तिथून हलू नका.