बंद फ्लॅट सुखाने कसा सांभाळावा

दुसरा फ्लॅट घेतलात, अभिनंदन! पुण्यात खराडी असो की बाणेर, आता एकच पथ्य पाळायचं: त्यात कुणाला राहू द्यायचं नाही. राहत्या घराचा त्रास पहिल्या घरात भोगताच आहात, तो दुप्पट कशाला करता?

भाडेकरूचा मोह होईल. आवरा. भाडेकरू भिंतीला खिळे ठोकतो, नळ गळतो म्हणून रात्री साडेदहाला फोन करतो. शिवाय अकरा महिन्यांचा करार, पोलिसांकडे द्यायची माहिती, एजंटची दलाली. त्यात सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालकाऐवजी भाडेकरू राहतो म्हणून जादा शुल्क, लावते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर नेता येणार नाहीत, असं सरकारने २००१ साली बजावलंय, तरी १० टक्क्यांपर्यंत लागतातच. कुलूप लावा, ही भानगड नाही. माणूस राहिला तर शुल्क, झुरळं राहिली तर फुकट. सोय कुणाची बघायची ते कळलं ना?

आता मिळकत कर. पुणे महापालिकेने १९७० साली ठराव केला, की मालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत. मधे सरकारने ती काढून घेतली, पुणेकरांनी कल्ला केला, २०२३ मध्ये ती परत आली. मात्र आता पीटी-३ नावाचा अर्ज भरून, आपण खरंच तिथे राहतो हे दाखवावं लागतं. सवलत एकाच घराला. कुठल्या, हे तुमच्या कलागुणांवर आहे.

त्यासाठी सोसायटीचं पत्र लागतं. सेक्रेटरी तुम्हाला चेहऱ्याने ओळखत नसेल, तरी बिचकू नका. मेंटेनन्स वेळेवर भरता, पाणी वापरत नाही, पार्किंगवरून भांडत नाही, सर्वसाधारण सभेला फिरकत नाही. त्याच्या लेखी तुमच्याइतका गुणी रहिवासी अख्ख्या बिल्डिंगमध्ये नाही. पत्र मिळेल. मतदार ओळखपत्र, गॅस कार्ड, रेशन कार्ड यांपैकी काहीतरी जोडायचं असतं, त्यावरचा पत्ता तेवढा जमवा. विजेचं बिल मात्र स्वतःहून काढून दाखवू नका. त्यावर वर्षभर नुसता स्थिर आकार आणि शून्य युनिट. एवढं वैराग्य महापालिकेला झेपत नाही.

महापालिकेचा पेठ निरीक्षक पाहणीला आला तर? बाल्कनीत दोरीवर एक पंचा कायम वाळत ठेवा. पण तो बदलत जा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तोच पंचा भिजत राहिला, की समोरच्या विंगेतल्या काकूंना संशय येतो आणि त्यांच्यापुढे निरीक्षकाची काय कथा! दाराबाहेर चपलांचा एक जोड ठेवा, धूळ झटकून. तोरण लावणार असाल तर प्लास्टिकचं, आंब्याची पानं दोन दिवसांत चहाडी करतात.

एवढी हौस नसेल तर सवलत सोडा आणि सरळ पूर्ण कर भरा. घर रिकामं आहे म्हणून वर जादा कर, अशी बाब त्या बिलात सापडणार नाही. मुदतीत भरलात तर सूटही मिळते. नाही भरलात तर महिन्याला २ टक्के दंड चढतो, पण अधूनमधून दंडात माफी देणारी अभय योजना येते. तोवर गप्प बसा. नियमाने भरणारे लोक असतात शहरात, त्यांच्यावर गाडा चालतो.

प्राप्तिकराचीही धास्ती नको. दोन घरं 'स्वतःच्या वापराची' धरायची मुभा २०१९ पासून आहेच. दुसऱ्या घरात का राहत नाही, हे विचारणंसुद्धा २०२५ च्या अर्थसंकल्पाने बंद केलं. इतकी अदब जावयाशीही कुणी राखत नाही.

कधी एखादा भाचा, एकटा आहे म्हणून कुणी घर देत नाही अशी कुरकुर करत येईल. त्याला आकडेवारी सांगा, पोरं आकड्यांनी दबतात. २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत ४.८ लाख घरं रिकामी होती, देशात सर्वांत जास्त. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालात हे छापून आलंय. म्हणजे घरं कमी नाहीत, त्याचे प्रयत्न कमी पडतायत.

परदेशातल्या नातेवाइकांकडून मात्र सल्ला घेऊ नका. कॅनडात व्हँकुव्हर म्हणून गाव आहे. तिथे २०१७ पासून रिकाम्या घरावर वेगळा कर आहे. सुरुवात घराच्या करपात्र किमतीच्या १ टक्क्याने झाली, पुढे ३ टक्क्यांवर गेली. दरवर्षी घोषणापत्र द्यायचं, विसरलात तर घर रिकामं असल्याचं धरून बिल हातात. पंचा वाळत घालून काही उपयोग नाही. असल्या ठिकाणी कुणी पैसा गुंतवतं का? त्यापेक्षा आमच्याच फेज टूमध्ये तिसरा बघून ठेवा. शेजार शांत आहे, अख्ख्या मजल्यावर कुणी राहत नाही.