कोकणात रिटायर व्हा म्हणे! आधी जुलैत येऊन बघा

गणपती जवळ आले की तो मेसेज परत फिरायला लागतो. यंदा मला तीन ग्रुपांवर आला. त्यातल्या एकावर आमच्या जुन्या ब्रँचच्या साहेबांनी ‘विचार करण्यासारखे’ अशी ओळही जोडली होती. मजकूर थोडक्यात असा: मुंबईतला फ्लॅट विका, कोकणात टुमदार घर बांधा, उरलेले पैसे बँकेत टाका. दोघांना महिन्याला दहा हजार पुष्कळ. हवापाणी शुद्ध, डॉक्टरची पायरी चढावी लागत नाही. आंबा-काजूचं उत्पन्न घरबसल्या. एक हाक मारली की दहा माणसं धावत येतात. आणि आता वंदे भारत आहे, मुंबई काय, हाकेच्या अंतरावर! खाली माडांचा आणि सूर्यास्ताचा फोटो.

मी सहा वर्षांपूर्वी डोंबिवलीहून राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत राहायला आलो. पश्चात्ताप झालेला नाही. पण हे वाचून कोणी खरंच फ्लॅट विकायला निघालं तर? म्हणून एकेक मुद्दा घेतो. डॉक्टरपासून सुरुवात करतो, त्यापुढे बाकीचं सगळं फुटकळ आहे.

हवा शुद्ध आहे, त्यात वाद नाही. माझा जुना खोकला पहिल्याच हिवाळ्यात गेला. पण बीपी, साखर, गुडघे आणि प्रोस्टेट सामानाच्या टेम्पोतून आपल्याबरोबरच येतात. शिवाय कोकणाचं स्वतःचं म्हणून काही आहे. फुरसं हा विषारी साप आहे, विंचू आहे, पावसाळ्यात लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) आहे. दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडताप आहे, तो गोचिडीतून येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून माणसं वाचवता येतात हे साऱ्या जगाला दाखवलं. ते काम महाडला झालं कारण पेशंट तिथे होते, एवढं मेसेजवाल्यांनी लक्षात घ्यावं.

आता गेल्या वर्षीच्या जुलैतली गोष्ट. रात्री साडेदहाचा सुमार. वरच्या घरातल्या काकी मागच्या पायरीवर घसरल्या. जांभ्याच्या चिऱ्यावर पावसाळ्यात शेवाळ धरतं. चुना टाका, ब्लीचिंग टाका, चार दिवसांत परत हिरवं. खुबा मोडल्याचं नंतर कळलं, तेव्हा नुसता पाय वाकडा पडलेला दिसत होता. लाइट दुपारपासून गेलेली, त्यामुळे मोबाइलचा टॉवरही बंद. खळ्याच्या कोपऱ्यात उभं राहून एकाचा फोन कसाबसा १०८ ला लागला. ॲम्ब्युलन्स येणार ती खालच्या रस्त्यापर्यंत. मध्ये पाखाडीच्या बेचाळीस पायऱ्या, त्यावरून पाणी वाहतंय. प्लास्टिकच्या खुर्चीला काकींना साडीने बांधलं आणि उतरवायला घेतलं. धरायला सदुसष्ट वर्षांचा मी, माझा पुतण्या, बायपास झालेले एक मास्तर आणि खालच्या वाडीतला रिक्षावाला. पुढे-मागे बायका बॅटऱ्या धरून. रत्नागिरी साठेक किलोमीटर. पोचेपर्यंत दीड वाजला. काकी आता वॉकरवर चालतात आणि विरारला लेकीकडे राहतात.

म्हणजे माणुसकीचा मुद्दा खोटा नाही. हाक मारली तशी माणसं आली, होती नव्हती तेवढी सगळी आली. पुरुष चारच होते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची घटली. रत्नागिरी जिल्हा १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आला. २०११ च्या जनगणनेत इथे दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. या आकड्यावरून कोणी कोकणाचं कौतुक करायला लागलं की मला हसू येतं. बाप्ये मुंबईला गेले, त्याची ती नोंद आहे. मेसेजमधली ती दहा माणसं आत्ता विरार लोकलमध्ये दाराशी लटकलेली आहेत. गणपतीत आणि शिमग्याला ती गावात असतात, आणि हा मेसेज लिहिणारा नेमका तेव्हाच गावी येऊन गेलेला असतो.

मेडिकल कॉलेज झालं की आता, असं कोणीतरी म्हणेलच. झालं, आणि चांगलं झालं. सिंधुदुर्गात २०२१ मध्ये, रत्नागिरीत २०२३ मध्ये सरकारी कॉलेज सुरू झालं. डेरवणचं वालावलकर रुग्णालय त्याआधीपासून चिपळूणकडच्या लोकांचा आधार आहे. तरी अजूनही सावंतवाडीकडचा अवघड पेशंट गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातो आणि आमच्याकडचा अणुस्कुरा किंवा आंबा घाट चढून कोल्हापूरला. घाटात दरड आली असेल तर काय, हा प्रश्न पावसाळ्यात कोणाच्या तरी घरी खरोखर पडतो.

दहा हजारांचा हिशेब. वाणी, दूध, गॅस, लाइटबिल यात तेवढे पुरतील. भाजी मात्र घाटावरून येते, ती डोंबिवलीपेक्षा स्वस्त नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा सुके बांगडे. खरा खर्च यादीत नसतो. मे महिन्यात घर शाकारायचं, गवत काढायला गडी, विहिरीवरचा पंप, इन्व्हर्टरची बॅटरी, वीज पडून जळालेला टीव्ही (आमचे दोन गेले). आणि रत्नागिरीला नुसती साखर तपासून यायची तरी भाड्याची गाडी, कारण दोन एसट्या बदलून उपाशीपोटी जाणं आता झेपत नाही. पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, हे खरं. ती पकडायला पाखाडी उतरावी लागते, हेही खरं.

पाण्याचं तर विचारूच नका. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. जांभा पाणी धरून ठेवत नाही, उतार ते समुद्राला नेऊन देतो. कित्येक वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. मेसेजमधल्या फोटोत तो नसतो.

आंबा-काजूचं ‘घरबसल्या उत्पन्न’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने कलमाखाली एक दुपारही काढलेली नसावी. साफसफाई, खत, मग मोहोर आला की तुडतुडे, थ्रिप्स, फवारणीवर फवारणी. मध्येच ढगाळ हवा किंवा अवकाळी. त्यातून राहिलं त्यावर माकडं. मोठ्या बागांना नेपाळहून राखणीला माणसं येतात, ती हौस म्हणून नव्हे. आमची बावीस कलमं. हापूस एक वर्ष धरतो, दुसऱ्या वर्षी दम खातो. गेल्या हंगामात फवारणीचे, काढणीचे आणि खोक्यांचे पैसे वजा करून, नातेवाइकांना पेट्या पाठवून झाल्यावर बायकोने वही माझ्यासमोर ठेवली: वरचे दोन हजार आपल्याच खिशातले. आता बाग कराराने दिली आहे. जे मिळतं ते मिळतं, झोप लागते.

जमिनीचं थोडक्यात. शेतजमीन विकत घ्यायला कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे घेणारा मुळात शेतकरी असावा लागतो. नसेल तर एनए (बिगरशेती) प्लॉट बघा, आणि तिथे पाणी-रस्ता कागदावर आहे की जागेवर, तेही बघा. गावी वडिलोपार्जित आहे म्हणणाऱ्यांनी आधी सातबारा काढावा. आमच्यावर एकोणीस नावं आहेत, त्यातली चार वारली, एक कॅनडात. संडासाची टाकी खणायची तरी तिघांची तोंडं बघावी लागतात. आणि फ्लॅट विकणं ही तर परतीची वाट स्वतःच्या हाताने बुजवणं आहे. आमचा डोंबिवलीचा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे, त्याच भाड्यात वर सांगितलेला यादीबाहेरचा खर्च भागतो.

वंदे भारत रत्नागिरीला थांबते, कणकवलीला थांबते, राजापूरला नाही. पावसाळी वेळापत्रक लागलं की ती आठवड्यातून तीनच दिवस धावते. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये गेली ती गेलीच. महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून ऐकतोय, त्यावर मी वेगळं काही लिहीत नाही.

आणि वादळ-पूर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. राजापूरच्या जवाहर चौकात तर अर्जुना-कोदवलीचं पाणी येणं ही पावसाळ्याची हजेरीच. घर नदीकाठी, डोंगराच्या पोटाशी की सड्यावर (वरच्या कातळी पठारावर), हे चौकशीत पहिलं यावं. लोक दारातून समुद्र दिसतो का ते विचारतात.

साहेबांना मी ग्रुपवर एवढंच लिहिलं: जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात या, गाडी न आणता या, तालुक्याच्या गावापासून आत भाड्याच्या खोलीत महिनाभर राहा. गोळ्या इथेच विकत घ्या. एकदा रात्री बारा वाजता दवाखान्यापर्यंत जाऊन बघा, किती वेळ लागतो. मग फ्लॅटचं बोलू.

त्यांनी लगेच विचारलं, “मग तुम्ही का राहता?”

आई याच घरात गेली, ते एक. दुसरं म्हणजे शेजारच्या घरात तो पुतण्या राहतो, त्याच्याकडे गाडी आहे आणि तो रात्री दोनला फोन उचलतो. त्याला पुण्यात नोकरी लागायचं चाललंय. लागली तर आम्ही दोघं रत्नागिरीत कुवारबावला तळमजल्यावरची जागा भाड्याने बघणार आहोत. एकदा बघूनही आलो, पायऱ्या दोनच आहेत.