संगणक मंद झाला म्हणजे कचरा साचला, हे खरे नाही

‘संगणक मंद झाला म्हणजे त्यात कचरा साचला, पुढील सात गोष्टी करा, तो नव्यासारखा पळेल’ अशा आशयाचा एक संदेश थोड्याफार फरकाने वर्षानुवर्षे फिरतो आहे. विंडोज वापरणाऱ्यांसाठी लिहिलेल्या या संदेशात टेम्प आणि प्रीफेच ही फोल्डर रिकामी करणे, रजिस्ट्री (विंडोज आणि प्रोग्रामांच्या सेटिंगची नोंदवही) साफ करणारा प्रोग्राम चालवणे, एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगच्या साधनात प्रोसेसरची संख्या वाढवणे, पेजफाइल (रॅमला जोड म्हणून वापरली जाणारी डिस्कवरील फाइल) बंद करून रॅम मोकळी करणारे साधन बसवणे, दर आठवड्याला डीफ्रॅग करणे (डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे एकत्र आणणे), अधूनमधून एफ ५ दाबणे आणि एवढ्याने भागले नाही तर सरळ फॉर्मॅट मारणे, असे उपाय असतात. त्यांतील एखादा निरुपद्रवी आहे, काही निरर्थक आहेत आणि काही तर घातक आहेत. हा संदेश ज्यांच्यापर्यंत पोहोचतो त्यांच्या संगणकावर बहुधा घरातले सगळे फोटो आणि कागदपत्रे असतात, म्हणून त्याची छाननी व्हायला हवी.

मुळात ‘कचरा’ हे निदानच चुकीचे आहे. संगणक मंद वाटतो तेव्हा तो कशाची तरी वाट पाहत असतो: प्रोसेसर मोकळा होण्याची, रॅममध्ये जागा होण्याची, डिस्कवरून माहिती येण्याची किंवा नेटवर्ककडून उत्तर मिळण्याची. नेमकी कशाची, हे कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्यावर उघडणारा टास्क मॅनेजर बऱ्याच अंशी दाखवतो, आणि त्यासाठी कोणतेही नवे साधन बसवावे लागत नाही. संदेशात मात्र ही पहिली पायरीच नाही. आजार न तपासता सर्वांना एकच औषध त्यात वाटलेले आहे.

टेम्प फोल्डरबद्दलचा सल्ला निरुपद्रवी आहे, पण वेग त्याने वाढतो तो फक्त डिस्क काठोकाठ भरलेली असेल तेव्हा. निम्मी डिस्क रिकामी असताना टेम्पमधील तात्पुरत्या फाइली तेथे पडून राहिल्या तरी त्या कोणाचीही वाट अडवत नाहीत. प्रीफेचचे प्रकरण नेमके उलटे आहे. २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर आलेल्या या सोयीत, एखादा प्रोग्राम उघडताना सुरुवातीच्या काही सेकंदांत कोणत्या फाइलींचे कोणते भाग वाचावे लागतात याची नोंद ठेवली जाते आणि पुढच्या वेळी ते भाग आगाऊ वाचून घेतले जातात. या नोंदी बेसुमार वाढतही नाहीत, कारण विंडोज ७ पर्यंत त्यांची मर्यादा १२८ आणि विंडोज ८ पासून १,०२४ आहे आणि जुन्या नोंदी विंडोज स्वतःच काढून टाकते. म्हणजे हे फोल्डर रिकामे करणारा माणूस संगणकाने वेगासाठी केलेली टिपणे फाडून टाकतो आणि पुढच्या खेपेस प्रत्येक प्रोग्राम उघडायला थोडा जास्तच वेळ लागतो.

रजिस्ट्रीमध्ये काढून टाकलेल्या प्रोग्रामांच्या नोंदी उरतात, हे खरे आहे. परंतु रजिस्ट्री ही झाडासारखी रचना आहे. हवी असलेली नोंद तिच्या ठरलेल्या वाटेने जाऊन शोधली जाते, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत जाऊन नव्हे, त्यामुळे काही हजार निरुपयोगी नोंदींचा वेगावर जाणवण्याजोगा परिणाम होत नाही. उलट एखादी आवश्यक नोंद उडाली तर प्रोग्राम, क्वचित विंडोजच, सुरू होईनासा होतो. अशा साधनांच्या वापराला पाठबळ देत नसल्याचे मायक्रोसॉफ्टने स्पष्टपणे सांगितलेले आहे.

एमएसकॉन्फिगचा उपाय सर्वांत विश्वासाने सांगितला जातो: बूट या भागातील अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये प्रोसेसरच्या संख्येपुढे खूण करा आणि सर्वांत मोठा आकडा निवडा. वस्तुस्थिती अशी, की त्या चौकटीत खूण नसते तेव्हा विंडोज उपलब्ध असलेले सर्व कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारे भाग) वापरतेच. ती चौकट कमाल मर्यादा घालण्यासाठी, म्हणजे कमी कोअरवर प्रोग्राम कसा चालतो हे तपासू पाहणाऱ्यांसाठी आहे. सर्वांत मोठा आकडा निवडल्यास काहीच बदलत नाही, आणि चुकून लहान आकडा निवडला गेला तर आपल्याच हाताने संगणकाची ताकद घटते. शेजारची कमाल मेमरीची चौकटही त्याच जातीची आहे.

मग ‘मी करून पाहिले आणि फरक पडला’ असे सांगणारे खोटे बोलतात का? मुळीच नाही. फरक पडतो, पण तो बहुधा यातल्या उपायांनंतर केल्या जाणाऱ्या रीस्टार्टमुळे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ती चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोजच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुन्हा चालू करताना तीच परत उचलली जाते. रोज रात्री संगणक बंद करणाऱ्याचा गाभा त्यामुळे कित्येक दिवस नव्याने सुरू झालेलाच नसतो. टास्क मॅनेजरमधील ‘अप टाइम’चा आकडा पाहिला की ते लक्षात येते. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळे नव्याने सुरू करते. श्रेय त्याचे असते, ते मिळते एमएसकॉन्फिगला.

रॅमविषयीच्या सल्ल्यात ‘मोकळी रॅम म्हणजे वेगवान संगणक’ असे गृहीत धरलेले आहे. विंडोज शिल्लक रॅममध्ये अलीकडे वाचलेल्या फाइली हाताशी ठेवते आणि एखाद्या प्रोग्रामला जागा लागली की ती तत्काळ सोडून देते. रॅम मोकळी करणारी साधने चालू प्रोग्रामांची मेमरीतील पाने (माहितीचे छोटे तुकडे) त्यांच्या ताब्यातून बाहेर ढकलतात. आकडा क्षणभर सुंदर दिसतो आणि मग तीच पाने परत आणण्यात वेळ जातो. पेजफाइल बंद करणे त्याहून वाईट, कारण प्रोग्रामांना देता येणाऱ्या एकूण मेमरीची मर्यादा रॅम आणि पेजफाइल यांच्या बेरजेइतकी असते. ती घटली की ब्राउझरचे टॅब आणि न जतन केलेले काम अचानक बंद पडू शकते. रॅम खरोखरच अपुरी पडत असेल, तर सुरुवातीलाच आपोआप उघडणारे प्रोग्राम कमी करावेत, टॅब आवरावेत किंवा रॅम वाढवावी.

एफ ५ ने डेस्कटॉपवरील चिन्हे पुन्हा दाखवली जातात, एवढेच होते.

डीफ्रॅगचा सल्ला एके काळी योग्य होता. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांत होते, म्हणजे हवा तो भाग माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली येण्यासाठी सरासरी ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते आणि डोके सरकण्याचा वेळ त्यात मिळवला तर विखुरलेली वाचने सेकंदाला शंभरही होत नाहीत. तुकडे एकत्र आणण्याचा तेथे उपयोग होतो, आणि अलीकडच्या विंडोजमध्ये ते काम वेळापत्रकाने आपोआप चालते. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, सरकणारे डोकेच नाही. तेथे वारंवार डीफ्रॅग करून वेग मिळत नाही, लेखनाची झीज मात्र वाढते.

परंतु माझा खरा आक्षेप वेगळा आहे. हार्ड डिस्क निकामी होऊ लागते तेव्हा दुबळा भाग वाचण्याचा ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि वापरणाऱ्याला फक्त ‘मंदपणा’ दिसतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के व्यग्र, प्रत्यक्ष वाचन नगण्य आणि सरासरी प्रतिसादाचा वेळ शेकडो किंवा हजारो मिलिसेकंद, हे तिचे लक्षण आहे. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या साधनातील सिस्टिमच्या नोंदीत ‘डिस्क’ या स्रोताची ७ क्रमांकाची त्रुटी म्हणजे खराब भाग सापडल्याची नोंद. अशा डिस्कवर डीफ्रॅग चालवणे म्हणजे तिला हजारो फाइली उचलून दुसरीकडे ठेवायला लावणे होय, आणि उरलेले आयुष्य त्यातच संपू शकते.

आता शेवटचा उपाय, फॉर्मॅट. नको असलेले प्रोग्राम फार साठले असतील तर त्याने संगणक हलका होतो, हे मान्य आहे. प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करत असेल, पंख्यात धूळ अडकली असेल किंवा डिस्क मरणपंथाला लागली असेल, तर फॉर्मॅटनंतरही तोच मंदपणा परत येतो. आणि या संपूर्ण संदेशात, अगदी फॉर्मॅटच्या ओळीतसुद्धा, फोटो आणि कागदपत्रांची प्रत आधी दुसऱ्या डिस्कवर काढून ती उघडते आहे याची खात्री करा, असे एक वाक्यही नाही. डिस्क निकामी होत असल्याची वरील लक्षणे दिसत असतील तर डिस्कला दुसरे कोणतेही काम न देता आधी ती प्रत काढावी, आणि तीही सर्वांत मोलाच्या फाइलींपासून सुरुवात करून.